सातव्या जोडीचा मालक

माझ्या सासऱ्यांचे बूट चंद्रपूरच्या एका संग्रहालयात दुपारभर खुन्याचे बूट म्हणून मांडलेले होते, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. पोलिसांत याची नोंद नाही. आमच्या घरात मात्र आहे.

झालं असं, की डिटेक्टिव्ह मार्तंडचं प्रदर्शन चंद्रपूरला आलं. हा मार्तंड खरा माणूस नव्हे. तो पुस्तकातला. करडा कोट, काखेत छत्री, खिशात वेलदोडे. आणि कुठल्याही घरी तपासाला गेला की आधी दाराबाहेरच्या चपला बघायच्या, माणसं मग! आत किती जण आहेत, त्यातलं कोण खरं रडतंय आणि कोण नुसतं डोळे पुसतंय, हे तो उंबऱ्याबाहेरूनच सांगायचा. एकेकाळी त्याच्या पुस्तकांसाठी लोक वाचनालयात भांडत म्हणे.

माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामाजी, हे या मार्तंडचे भक्त. सावलीजवळच्या एका खेड्यात त्यांची धानाची शेती आहे. गळ्यात तुळशीची माळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. व्यसन एकच, मार्तंड! पुस्तकं त्यांना आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडे मिळायची, आणि रद्दीवाल्याने चिवड्याच्या पुड्या बांधायला शेवटची पानं आधीच फाडलेली असायची. त्यामुळे खुनी कोण हे मामाजींना दर वेळी बांधावर बसून स्वतःलाच शोधावं लागे. चाळीस वर्षं ते हेच करत आले. असा माणूस सासरा म्हणून मिळाला की जावयाचे फार हाल होतात. मी त्यांच्याकडे उशिरा पोचलो तर कारण मला सांगावं लागत नाही. तेच मला सांगतात.

आता मुख्य गोष्ट, जी मी टाळतो आहे. मी खर्रा खात होतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून दाबून दाबून घोटला की खर्रा होतो. आमच्या भागात ओळखीचा माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ही पन्नी पुढे येते.) दिवाळीआधी दातांच्या डॉक्टरने मला सांगितलं, "तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोनच गेली, खर्र्याने जबडा आखडला होता. डॉक्टरने माझ्याऐवजी रेखाकडे पाहिलं. रेखा म्हणजे माझी बायको. ती परतीच्या बसमध्ये सावलीपर्यंत रडली, आणि घरी आल्याबरोबर तिने आमच्या बारा वर्षांच्या आर्याला माझ्यासमोर उभं केलं.

"ठेवा हात पोरीच्या डोक्यावर."

मी ठेवला. "आजपासून बंद," मी म्हणालो. आणि खरंच बंद केला. घरात.

मी शाळेत लिपिक आहे. शाळेच्या मागे पानठेला आहे. एवढं सांगितलं तरी पुरे.

तर एका रविवारी आम्ही चौघं चंद्रपूरला निघालो. मामाजींनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, टोपीला कडक इस्त्री होती, आणि पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. धान कापून झालं होतं, पण बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, अजून ओल होती, आणि घराबाहेर पडण्याआधी बांधीवर एक चक्कर मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्यामुळे वर इस्त्री आणि खाली चिखल, अशी स्वारी बसमध्ये चढली. मूल गाव येईपर्यंत त्यांनी मला मार्तंडच्या पहिल्या तीन केसेस सांगायला घेतल्या. तिन्ही वेळा मधेच मी पीकविम्याचा विषय काढला.

संग्रहालयाबाहेर तिकिटाला ही लांब रांग! रेखा उभी राहिली, आर्या तिच्यासोबत. मामाजी भिंतीवरचं मार्तंडचं चित्र बघत बसले. ही रांग पाऊण तास हलत नाही, असा मी अंदाज केला आणि "पाण्याची बाटली आणतो" म्हणून सटकलो. माझे सगळे अंदाज आयुष्यभर असेच आहेत. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर मी ताजा घोटून घेतला, अर्धा ऐवज डाव्या गालात व्यवस्थित बसवला, उरलेली पुडी शर्टाच्या खिशात सरकवली, आणि आता निवांत एक पिचकारी मारावी तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ आर्याचे पप्पा! कुठी जाऊन राह्यले? दुसरी खिडकी उघडली, या लवकर! पाणी कुठी हाये?"

पाणी नव्हतं. उत्तरही देता येत नव्हतं. मी हाताने "संपलं" अशी खूण केली.

"अख्ख्या चंद्रपुरातलं संपलं?" रेखा म्हणाली, पण दार उघडलं होतं आणि मागची माणसं ढकलत होती. आम्ही आत वाहत गेलो. मी थुंकायला जागा शोधेपर्यंत माझ्यापुढे चकचकीत पांढरी फरशी पसरली होती आणि कोपऱ्याकोपऱ्यात पाटी होती, "थुंकू नये". एवढ्या पाट्या मी कुठेच बघितल्या नव्हत्या. बघितल्या असतील, पण कधी मनावर घेतल्या नव्हत्या.

पहिल्याच दालनात मार्तंडच्या एका केसमधलं घर उभं केलेलं. लाकडी चौकट, खरा उंबरा, उंबऱ्यापुढे रांगोळी. आणि बाहेर एका फळीवर सहा जोड्या पायताणं ओळीने काढून ठेवलेली. आता तुम्हीच सांगा. उंबरा आहे, रांगोळी आहे, बाहेर सहा जणांनी काढून ठेवलंय. आमच्याकडचा माणूस दुसरं काय करणार? आम्ही चौघांनीही पायातलं काढलं! पलीकडच्या भिंतीवर मोठी पाटी होती, "उंबऱ्याबाहेरच्या सहा जोड्या: यातला खुनी ओळखा". पण ती पाटी वाचायला रांगोळीच्या पलीकडे जावं लागत होतं, आणि रांगोळीच्या पलीकडे पायात चपला घालून कसं जायचं?

रेखाने तिच्या, आर्याच्या आणि माझ्या चपला पिशवीत कोंबल्या. (देवळातून तिच्या तीन जोड्या गेलेल्या आहेत, तेव्हापासून ती कुणावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावर ठेवत होती, हे विशेष.)

"बाबा, तुमचेही द्या पिशवीत."

"माह्ये कोन नेते वं," मामाजी म्हणाले आणि त्यांनी आपले बूट फळीवर, सहाव्या जोडीच्या शेजारी, टाचा जुळवून नीट ठेवले.

एवढ्यात आर्याने माझ्या खिशाकडे हात केला. "पप्पा, मोबाइल द्या ना, फोटो काढते."

मोबाइल आणि पुडी एकाच खिशात! मी असा दचकलो की तोंडातला ऐवज जवळजवळ पोटात गेला. एका हाताने मोबाइल काढून तिला दिला, दुसऱ्या हाताने पुडी मुठीत घेतली, पॅंट दुमडायचं निमित्त करून खाली वाकलो आणि पुडी मामाजींच्या डाव्या बुटात, पार बोटांच्या टोकापर्यंत ढकलून दिली. जाताना उचलू, असा साधा बेत होता. आजपर्यंतचे सगळे गुन्हेगार असेच म्हणाले असतील.

आत उंबऱ्याला लागूनच फरशीवर खडूने माणसाची आकृती काढलेली होती. इथे म्हणे जमीनदार मरून पडला होता. पुढची कॉलेजातली पोरं त्यावरून सरळ चालत गेली. मामाजींनी आकृतीला वळसा घातला आणि आम्हालाही घालायला लावला. मेलेल्या माणसाला ओलांडून जायचं नसतं, मग तो खडूचा का असेना.

पुढे मार्तंडची आरामखुर्ची, छत्री, भिंग, वेलदोड्याची डबी. मामाजी एकेका वस्तूसमोर थांबत होते आणि मला सांगत होते. "हे पाहा, जवाईबापू, ही छत्री डाव्या अंगाले पायजे होती. चुकवली यायनं. डाव्या हातानं धरे तो. समजलं?"

"हं."

"काऊन डाव्या हातानं? सांगा पाहू."

"उं..."

"अरे वा, इचार करून राह्यले!" मामाजी खूश झाले आणि त्यांनी ती केस पहिल्यापासून सांगायला घेतली. तोवर माझ्या गालात पूर आला होता. मी मान वर करून चालत होतो. आमच्यामागच्या बाईंना वाटलं मी छताचं नक्षीकाम बघतोय, म्हणून त्याही बघू लागल्या. मग त्यांची मुलं. मग आठदहा जण मान वर करून उभे राहिले. छताला काहीही नव्हतं.

आणि मग मला ती दिसली. खून झालेल्या जमीनदाराची पिकदाणी! पितळी, रुंद तोंडाची, घासून लखलखीत केलेली, माझ्यापासून अवघ्या दोन हातांवर! भोवती मखमली दोरी आणि पाटी, "हात लावू नये". हात कोणाला लावायचा होता? मी दोरीपाशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी पहारेकरी येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

इथून बाहेर पडायलाच हवं, असं ठरवून मी एकटाच मागे फिरलो. उंबऱ्याबाहेर आलो आणि पाहतो तो काय! फळीभोवती ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात उत्तरपत्रिका. सहाही जोड्यांपुढे आता पिवळे आकड्यांचे पुठ्ठे लावले होते, आणि मामाजींच्या बुटांपुढे, तसाच पिवळा, हाताने लिहिलेला सातचा पुठ्ठा! फळीच्या पुढे दोरीसुद्धा बांधली होती.

करडा कोट घातलेली एक स्वयंसेवक मुलगी तिथे उभी होती. ती कुणाला तरी सांगत होती, "कागदावर सहा छापलंय, पण जोड्या सात आहेत. सरांनी ऐनवेळी वाढवली असेल. कोडं अवघड केलंय."

थुंकणं राहिलं बाजूला, आधी पुडी काढायला हवी होती. मी तिच्यापुढे जाऊन बुटांकडे बोट केलं. मग घराच्या आत बोट केलं. मग स्वतःचा अनवाणी पाय उचलून दाखवला.

"खुनी आत आहे?" ती म्हणाली. "लंगडा आहे?"

मी जोरात नकाराची मान हलवली. मान हलवताना गालातलं हिंदकळलं, म्हणून लगेच थांबलो.

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "काका, तुम्हाला बोलता येत नाही का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी हे वाक्य अगदी अचूक होतं. मी होकार दिला. त्यावर ती माझ्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागली, आणि तिने मला कागद-पेन आणून दिलं. मी सुटलो असं वाटलं. घाईघाईने लिहिलं, "सात नंबरचे बूट सासऱ्याचे". पुढे "घेऊ द्या" लिहिणार तोच तिने कागद ओढला.

"जमीनदाराचा सासरा! काका, किती वेगळा विचार केलात!" असं म्हणून तिने तो कुलूप लावलेल्या उत्तरपेटीत टाकून दिला. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. एकाने माझी पाठ थोपटली. पाठ थोपटणं त्या अवस्थेत फार धोक्याचं होतं.

आता सगळे सातव्या जोडीमागेच लागले. चिमूरच्या एका शिक्षिकाबाई म्हणाल्या, "डावी टाच जास्त झिजलीय. हा सायकलवरून उतरताना डावा पाय टेकतो. आणि उंच आहे, दहा नंबरचा बूट आहे." गडचांदूरचा एक गृहस्थ, जो सगळ्यांना आधी तेच सांगत होता की आपण गडचांदूरचे, तो दोरीवरून ओणवा झाला. "मी चुनखडीच्या धुळीत राह्यतो, मातीतलं आपल्याले समजते. हे आमच्याकडची माती नाई. कापसाच्या रानातलीबी नाई. हे धानाच्या बांधीतली हाये. खुनी सावली-मूलकडचा!"

सगळं बरोबर! मी घामाने निथळत होतो. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर त्यांनी मामाजींचा पिनकोड सांगितला असता.

"अन् आतमधी काय हाये?" असं म्हणून त्या गडचांदूरच्या माणसाने, दोरीबिरी न जुमानता, डावा बूट उचलून उलटा केला.

पुडी टप्पकन खाली पडली.

मग तीसचाळीस तोंडांतून एकदम, "खर्रा!" वास तर सगळ्यांच्याच ओळखीचा.

स्वयंसेवक मुलगी गोंधळली. मार्तंडच्या काळात प्लॅस्टिकची पन्नी नव्हती, हे तिलाही कळत होतं. तिने आयोजकांना बोलावलं. ते माइक हातात घेऊनच आले. "प्रदर्शनात फक्त सहाच जोड्या आहेत," ते माइकवर म्हणाले. "ही सातवी जोडी कुणाची आहे?"

त्याच वेळी चौकटीत मामाजी उभे राहिले. अनवाणी. मागे रेखा आणि आर्या.

"माह्ये हायेत जी ते बूट," मामाजी म्हणाले. "काऊन, काय झालं?"

"आणि ही पुडी?"

मामाजींनी पुडी पाहिली. बूट पाहिला. मग रेखाकडे पाहिलं, आर्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. त्यांची नजर माझ्या डाव्या गालावर थांबली. जेमतेम दोन सेकंद. मी त्यांना सोळा वर्षं ओळखतो. शेवटची पानं नसली तरी त्यांना कधी अडत नाही, हे मला माहीत होतं. आता हे बोलणार, मी संपलो, असं मला वाटलं.

"माहीच हाये पुडी," मामाजी म्हणाले.

"बाबा!" रेखा अशी ओरडली की माइकने शिटी मारली. "माळ घालता गळ्यात, अन् खर्रा खाता? या वयात? अन् आमच्यापासून लपवून? आईले काय सांगू मी आता?"

मामाजी खाली बघत राहिले. आपल्या अनवाणी पायांकडे. लोक आपसात कुजबुजत होते, "माळकरी दिसते हो, पाहा कसा निंगाला." एका पोराने त्यांचा फोटो काढला. ज्या माणसाने मार्तंडला बघायला सकाळपासून टोपीला तीनदा इस्त्री केली, तो माणूस त्याच मार्तंडच्या दारात चोरासारखा उभा होता. मला फार लाज वाटली. पण लाजेलाही तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड भरलेलं होतं.

रेखा थांबेना. "यांच्याकडून तरी शिका बाबा! एवढी सवय होती यांले! पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् सोडली! महिना झाला, बोट नाई लावलं यायनं!"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. त्यात आदर होता.

"आणि त्यांना तर बोलताही येत नाही, बिचारे," स्वयंसेवक मुलगी म्हणाली.

"कोनाले?" रेखाने विचारलं.

"या काकांना."

"यांले? बोलता येत नाई? अवं बाई, झोपेतबी तोंड चालू राह्यते यांचं!" आणि मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. "आर्याचे पप्पा... काऊन बोलून नाई राह्यले तुम्ही?"

आता तीसचाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळे तपास लावायला शिकून आलेले. तेवढ्यात मामाजी पुढे झाले. माझ्या आणि रेखाच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, "घसा बसला हाये त्यायचा. सकाळपासूनच. मले सांगितलं त्यायनं."

त्यांचं हे दुसरं खोटं. मामाजींनी तलाठ्यासमोरसुद्धा कधी खोटं सांगितलेलं नाही, आणि इथे माझ्यासारख्यासाठी एकामागून एक सांगत होते, तेही नीट न जमणारी, अडखळत. ते मला सहन झालं नाही. थुंकायला जागा नव्हती. मी डोळे मिटले आणि सगळाच्या सगळा ऐवज, रसासकट, गिळला.

ज्यांनी खर्रा कधी गिळलेला नाही त्यांना सांगतो, गिळू नका. आधी घशात आग लागली. मग कान बंद झाले. मग संग्रहालय हळूहळू डावीकडे फिरायला लागलं. तरी चौकटीला टेकून, लोकांकडे तोंड करून मी म्हणालो, आणि माइक समोरच असल्यामुळे ते चारी दालनांत ऐकू गेलं, "पुडी माझी आहे. मामाजींच्या बुटात मी लपवली. महिनाभर मी रोज खातोय. आत्ताही खात होतो."

आणि उंबऱ्यावरून मागच्या मागे कोसळलो.

पडलो तो नेमका खडूच्या आकृतीत. म्हणजे अगदी तंतोतंत, एक हात वर, एक पाय वाकडा. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्या दालनाने वाजवल्या! "काय अभिनय केला!" गडचांदूरचा गृहस्थ म्हणाला. "मुका कबुली देते अन् मरते! मले आधीपासूनच डाऊट होता याच्यावर." चिमूरच्या बाईंनी उत्तरपत्रिकेवर घाईघाईने काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. स्वयंसेवक मुलगी मात्र रडवेली होऊन सांगत होती, "नाही हो, हे आमच्या कार्यक्रमात नाहीये! कोणीतरी पाणी आणा!"

पाणी आलं. मामाजींनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी या वेळी आकृतीला वळसा घातला नाही. उचकी लागली होती, घाम फुटला होता, आणि मला रेखा कुठे दिसत नव्हती. ती होती, पण पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. त्या बसमध्ये हलले होते तसेच.

आर्या माझ्याजवळ आली. तिने मोबाइल मला परत दिला. तिचा एक हात स्वतःच्या डोक्यावर होता, जणू तिथे काही आहे का ते ती चाचपून बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना?"

याला काय उत्तर द्यायचं? आता तर तोंडही रिकामं होतं. मी त्या फरशीवर पडून रडलो. लोकांना तेही आवडलं.

आयोजक भले माणूस निघाले. त्यांनी मामाजींची माफी मागितली, बूट स्वतः पुसून दिले आणि गर्दीला पुढच्या दालनात हाकललं. पुडी केराच्या डब्यात गेली. मामाजींना त्यांनी उरलेलं प्रदर्शन स्वतः फिरून दाखवलं, आणि मामाजींनी त्यांना छत्रीची चूक दाखवून दिली. ती छत्री तिथल्या तिथे डावीकडे हलवण्यात आली, हे मात्र सांगितलंच पाहिजे. तोवर मी बाहेर पायरीवर बसून ओकत होतो.

परतीच्या बसमध्ये रेखा आणि आर्या पुढच्या सीटवर बसल्या. दोघीही माझ्याशी बोलत नव्हत्या. मामाजी माझ्याशेजारी. मूल आल्यावर मीच हळूच विचारलं, "मामाजी, तुम्ही ओळखलं होतं ना? मग स्वतःवर काऊन घेतलं?"

मामाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माह्यावर पोरगी चार दिवस रागवेल. पाचव्या दिवशी 'बाबा जेवले का' म्हनून फोन करेलच. तुमच्यावर रागवली तं तुमाले कोन फोन करेल?"

मी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. मग मी विचारलं, "पण ओळखलं कसं? गालावरून?"

"गाल तं मंग पाहिला जी." मामाजी पहिल्यांदा हसले. "सोळा वर्सं झाले तुमचं लगन होऊन. आजपर्यंत माही एक गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत ऐकली नाई. आज मार्तंडची अख्खी केस सांगितली, एकबी शब्द मधात बोलले नाई. तवाच म्हटलं, या माणसाच्या हातून काहीतरी घडलं हाये."

"सांगा मामाजी," मी म्हणालो, "दुसरी कोणती केस आहे?"

मामाजींचे डोळे चमकले. मूलपासून सावलीपर्यंत त्यांनी मला विहिरीतल्या प्रेताची केस सांगितली, सगळे संशयित, सगळ्यांच्या चपला, एक टाचसुद्धा न वगळता. मी मधे एक शब्द बोललो नाही, शपथेवर सांगतो, मनापासून ऐकत होतो. तरी तेवढ्या वाटेत रेखा तीनदा उठून मागे आली आणि बसभर लोकांसमोर तिने मला तोंड उघडून दाखवायला लावलं.